लिव्हरमधलं भोक

कारखान्याचं काय करायचं ते ठरवायला सगळं घर जमलं होतं आणि मधलीच्या डोक्यात मात्र एक भोक बसलं होतं. भोक मोठं नव्हतं, तांदळाचा दाणा जेमतेम अडकेल एवढंच; पण ते नको तिथे होतं. समुद्रापलीकडच्या कंपनीने नमुना म्हणून पाठवलेलं कुलूप तिने आल्या दिवशीच खोलून पाहिलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक लिव्हरच्या, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पितळी पट्टीच्या, खालच्या कोपऱ्यात अण्णांचं भोक होतं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण कारखान्यात अजून शब्द त्यांचाच चालायचा आणि भोकही त्यांचंच होतं. कुलपात लिव्हर एकावर एक रचले की ही भोकं एका रेषेत येतात. झाकण ठोकण्याआधी त्यात तेलाचा एक थेंब सोडायचा. थेंब तिथेच टिकून राहतो आणि आतल्या स्प्रिंगांना वर्षानुवर्षं पुरतो. बंदराच्या खाऱ्या हवेत बाकीच्यांची कुलपं बघता बघता गंजून धरायची, यांचं कुलूप दार सडलं तरी फिरायचं. दुकानदार त्याला भोकाचं कुलूपच म्हणत. ही युक्ती अण्णांनी काढली हे तिन्ही भावंडं कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. दादा तर युक्ती काय ते न फोडता हे गिऱ्हाइकांना सांगताना दर वेळी दोन इंच उंच व्हायचा.

मग ते पलीकडे कसं पोचलं? चोरलं म्हणावं, तर घेण्यासारख्या दहा चांगल्या गोष्टी सोडून चोराने भोक का उचलावं? आणि उचललंच तर त्यात तेल का नव्हतं? नमुन्याचं कुलूप आतून कोरडं ठणठणीत होतं. आपल्याला राग यायला हवा, हे मधलीला कळत होतं. पण राग यायच्या आत कुतूहल जागं व्हायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड.

पलीकडचा तो देश इतका मोठा होता की घरात त्याचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. पलीकडची स्वस्त कुलपं बाजारात उतरली तेव्हा गल्लीतले कुलपांचे बाकीचे कारखाने एकेक करून बसले. मग त्याच पलीकडून पितळेचा पत्रा स्वस्त मिळायला लागला, म्हणून यांचा तेवढा तगला. गावाचं बंदर खोल झालं ते त्यांच्या पैशाने, आणि धाकट्याच्या बायकोला त्या बंदरावर नोकरी लागली ती त्यांची भाषा येते म्हणून. शिव्या द्यायच्या त्यांना आणि हात जोडायचे तेही त्यांनाच, अशी सगळ्या गावाची पंचाईत होऊन बसली होती.

आता तर नवीनच त्रांगडं झालं होतं. पलीकडच्यांची कुलपं सगळ्यात जास्त खपायची ती तिसऱ्याच एका श्रीमंत देशात, आणि त्या देशाने पलीकडच्या मालावर जबरदस्त जकात बसवली. त्या दोघांच्या भांडणाशी या गल्लीचं काही देणंघेणं नव्हतं. पण इथून जाणाऱ्या मालाला ती जकात नव्हती, आणि म्हणून कंपनी आपल्या पायांनी दारात आली होती. सगळे भाग तिकडून तयार येतील. इथे फक्त जोडायचे, खोक्यात भरायचे आणि पुढे पाठवायचे. कंपनी नवी शेड बांधून देणार, माणसं दुपटीने घेणार. बदल्यात एकच मागणी होती. पत्रा कापायची खोली बंद करून तिथे गोदाम करायचं.

ती खोली मधलीची होती. लिव्हर कापणारे प्रेस, त्यांचे साचे, साच्यांना धार लावायचा दगड, सगळं तिच्या ताब्यात. मोडलेल्या संसारातून ती परत आली तेव्हा अण्णांनी एका शब्दाने काही विचारलं नाही; एक बोथट साचा तिच्या हातात ठेवला आणि धार लाव म्हणाले. तेव्हापासून ती तिथेच होती. खोली गेली म्हणून ती काही उपाशी मरणार नव्हती, जोडणीवर देखरेखीची जागा दादाने देऊ केलीच होती. पण दुसऱ्यांनी कापलेले लिव्हर दुसऱ्यांनी जोडताना बघत बसायचं, हे तिला मनातही आणवत नव्हतं.

कारखाना तिघांच्या नावावर सारखा. दादाला हो म्हणायचं होतं, धाकट्याला नाही म्हणायचं होतं, उरली मधली. त्यामुळे हल्ली तिला जो मान मिळत होता तो लग्नातही मिळाला नव्हता. दादाची बायको, म्हणजे वहिनी, एरवी तिच्या काळ्या नखांकडे बघून नाक मुरडायची. तीच आता 'तुमच्या हातात कसब आहे हो' म्हणत होती. धाकटा रोज चहा घेऊन तिच्या खोलीत यायचा आणि पलीकडच्यांनी कुणाकुणाला धुळीला मिळवलं ते तिखटमीठ लावून सांगायचा. मधली चहा प्यायची, कौतुक ऐकून घ्यायची आणि भोकाचा विचार करायची.

बैठक सुट्टीच्या दिवशी सकाळी, जोडणीच्या लांब टेबलाभोवती बसली. हाही अण्णांचाच नियम. हात रिकामे असले की माणसं नको तेवढं बोलतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून घरातला कुठलाही मोठा निर्णय कुलपं जोडता जोडताच व्हायचा. प्रत्येकापुढे सुट्या भागांचा एक ट्रे. कुलूप जोडायचं, किल्ली फिरवून दाखवायची, मग बोलायचं. ज्याचं कुलूप उघडलं नाही त्याने गप्प बसून ते पुन्हा खोलायचं. या नियमापायी कितीतरी रंगलेली भांडणं वाया गेली होती, कारण कुलूप नीट बसेपर्यंत सुचलेला टोमणा डोक्यातून निघून जायचा.

या वेळी टेबलावर एक परकं माणूस होतं. कंपनीने आपल्या इंजिनिअर बाईंना पाठवलं होतं, त्या आदल्या रात्रीच येऊन पोचल्या होत्या, कारखाना अजून बघायचा होता. त्यांना ऑफिसात खुर्ची आणि चहा देऊन बसवावं असं दादाचं म्हणणं होतं. पण आई म्हणाली, "आपल्याबद्दल बोलायचं आणि तिला बाहेर बसवायचं, हे कुठलं वागणं? टेबलावर घे. आणि बसली की तिलाही ट्रे." आईचे डोळे आता अधू झाले होते, कारखान्यातला वाटाही तिने कधीच मुलांच्या नावे केला होता. तरी तिने घे म्हटलं की घ्यायचं, एवढं अजून शाबूत होतं. धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, दुभाषी म्हणून पाहुण्या बाईंच्या शेजारी बसली. ती नवऱ्याच्या बाजूने भाषांतर करणार असा दादाला संशय होता, आणि ती बंदरवाल्यांच्या बाजूची आहे असा नवऱ्याला.

दादाचं कुलूप आधी जुळलं. त्याने किल्ली फिरवून दाखवली आणि जे सांगायला सुरुवात केली ते खोटं नव्हतं. गल्लीतले कारखाने बसले तेव्हा किती घरातली माणसं कामाला परगावी गेली, ती परत आणता येतील; आपण पत्रा त्यांचाच घेतो, साच्याचं पोलाद त्यांचंच, मग भाग घेतले तर काय बिघडलं. धाकटा तावातावाने जोडत होता, त्यामुळे त्याचं कुलूप दोनदा अडकलं. दादाला हवं तेवढं बोलायला मिळालं.

शेवटी धाकट्याची किल्ली एकदाची फिरली. त्याने शेजारच्या रस्त्यावरच्या नळाच्या कारखान्याची गोष्ट काढली. तिथेही हेच झालं होतं. नळाचे भाग तयार यायचे, हे फिरवून बसवायचे आणि पुढे धाडायचे. मग तिसऱ्या देशाचे अधिकारी विचारायला लागले की यात तुमच्याकडे घडलेलं नेमकं काय? उत्तर देता आलं नाही, माल परत आला, आणि कंपनी दुसऱ्याच देशात निघून गेली. "त्या मालकाने नळ ओतायची भट्टी आधीच मोडून टाकली होती," धाकटा म्हणाला. "आता शेड आहे आणि शेडमध्ये कबुतरं आहेत."

धाकटीने आपलं कुलूप उघडून दाखवलं आणि इतकंच सांगितलं की बंदरावर हल्ली हा प्रश्न रोज विचारतात, ते खरं आहे. हे तिने पाहुण्या बाईंनाही त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंनी मान डोलावली. त्या दादाकडेही बघत नव्हत्या आणि धाकट्याकडेही नाही; त्यांची नजर सगळ्यांच्या हातांवर होती.

मधलीची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. तिने किल्ली फिरवली, खिशातून नमुन्याचा लिव्हर काढला आणि आपल्या लिव्हरशेजारी टेबलावर ठेवला.

"त्यांना विचार," ती धाकटीला म्हणाली, "हे भोक तुमच्याकडे कुठून आलं?"

दादाचा चेहरा पडला. पाहुणीला घरी बोलावून चोरी विचारायची, तीही भर बैठकीत. पण बाईंना प्रश्न कळला तशा त्या चपापल्या नाहीत. नियमाप्रमाणे आधी कुलूप जोडायला हवं, हे धाकटीने त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला, बाह्या सारल्या आणि ट्रे पुढे ओढला. नंतर जे झालं ते बघून वहिनीसुद्धा आपलं काम विसरली. बाई ट्रेकडे बघतसुद्धा नव्हत्या. लिव्हर, स्प्रिंग, लिव्हर, स्प्रिंग, कडी, झाकण. तेल नाही. किल्ली फिरली.

मग त्या बोलल्या, आणि धाकटी थांबत थांबत सांगत गेली. बाईंची आई अशाच एका कारखान्यात प्रेसवर होती. त्या जुन्या प्रेसमध्ये पत्रा सरकू नये म्हणून एक खुंटी असायची, आणि खुंटी बसायला प्रत्येक लिव्हरला भोक पाडावं लागायचं. बाकी त्या भोकाचा काही उपयोग नव्हता. पुढे त्यांच्याकडे नवे प्रेस आले, जुने बोटींवर चढवून ज्याला हवे त्या देशाला विकले. एक बहुतेक इथेही आला असणार.

"म्हणजे, ती म्हणतेय की अण्णांनी..." दादाने तोंड उघडलं. आईने टेबलावर बोट आपटलं, कारण त्याच्या हातातलं कुलूप अर्धवट होतं. दादाने घाईने ते बसवलं, अडकलं. पुन्हा खोललं, पुन्हा अडकलं. इतकी वर्षं कुलपं विकणाऱ्या माणसाला त्या वेळी एक कुलूप जोडता येईना, आणि मधलीला त्याची दया आली. घरात ज्याच्या जिवावर सगळे ताठ मानेने वागत आले, ते दुसऱ्याच्या टाकाऊ यंत्राच्या खुंटीचं भोक निघालं होतं.

आईने बोटांनी चाचपत आपलं कुलूप पुरं केलं आणि किल्ली फिरवली.

"यंत्र आलं तेव्हा भोक होतंच," ती म्हणाली. "ते कशाला आहे हे सांगायला यंत्राबरोबर कुणी आलं नव्हतं. तुमच्या अण्णांनी सगळ्यांना विचारून पाहिलं. कुणाला सांगता येईना, तेव्हा त्यांनी त्यात तेल घातलं."

धाकटीने हे भाषांतर करायला तोंड उघडलं. पण बाईंचं पुढचं कुलूप तयार झालं होतं, आणि त्याच आधी बोलायला लागल्या. नवे प्रेस आले तेव्हा कंपनीने भोक काढून टाकलं. तर समुद्रकाठच्या देशांतले दुकानदार तक्रार करायला लागले, आम्हाला भोकाचंच कुलूप हवं, ते जास्त टिकतं. दुसऱ्या कुणाचं तरी तसलं कुलूप त्यांच्याकडे येत होतं. म्हणून कंपनीने मुद्दाम वेगळं मशीन लावून पुन्हा भोक पाडायला घेतलं. तरी कुलपं धरायची ती धरतातच, आणि का ते तिकडे कुणालाच कळत नाही. या भोकाचं इकडे काय करतात ते बघायला म्हणून बाईंनी हा दौरा मागून घेतला होता. हे सांगताना त्यांना स्वतःचंच हसू आलं.

धाकटीने शेवटचं वाक्य सांगितलं आणि टेबलावरचे सगळे हात थांबले. तेलाची बुधली टेबलाच्या मधोमध उभी होती. धाकट्याने जांभई दिल्यासारखं करून ती उचलली आणि मांडीवर घेतली. दादाने त्याच क्षणी एक रिकामं खोकं पुढे सरकवून त्याला आडोसा केला. इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे भाऊ तेवढ्या एका हालचालीत एक झाले. वहिनीने नियम विसरून धाकटीला दटावलं, "आता काही सांगू नकोस हं तिला."

"कुणी काही बोललंच नाही, तर मी काय सांगू?" धाकटी म्हणाली.

सगळे पुन्हा कामाला लागले. कोरडी कुलपं एकामागून एक टेबलावर पडायला लागली. बाईंनी त्यातलं एक उचलून कानाशी हलवलं, टेबलावर इकडून तिकडे पाहिलं आणि धाकटीला काहीतरी विचारलं. धाकटी जरा घुटमळली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "त्या विचारतायत, मघाशी झाकण ठोकण्याआधी सगळे तेलाची बुधली उचलत होते, ती कुठे गेली?"

धाकट्याचे कान लाल झाले. बुधली त्याच्या मांडीवर आडवी झाली होती आणि विजारीवर हा एवढा डाग पसरत होता.

मधलीने ट्रे जवळ ओढला. गप्प राहिलं तर बाई अंदाज बांधून जातील, कदाचित चुकीचा. सांगितलं, तर भोक त्यांच्याकडे आहेच, तेल कुठेही मिळतं. मग तिच्या खोलीची कुणाला काय गरज? हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. पण तिने विचारलं होतं तेव्हा या बाईने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि यंत्राबरोबर सांगणारं माणूस आलं नाही म्हणून अण्णा किती जणांच्या दारात गेले असतील, तेही आजच तिला कळलं होतं. तिने सावकाश एक कुलूप रचलं, झाकण न ठोकता हाताने दाबून किल्ली फिरवली आणि धाकट्यापुढे हात केला.

"दे ती बुधली."

धाकट्याचं कुलूप तयार नव्हतं, त्यामुळे त्याला नुसतं डोळे वटारता आले. तिने बुधली घेतली, झाकण बाजूला केलं आणि एका रेषेतल्या भोकांत थेंब सोडला. थेंब खाली गेला आणि तिथेच राहिला. बाई टेबलावरून ओणव्या होऊन बघत होत्या. त्यांनी स्वतःच्या भाषेत एकच शब्द उच्चारला, आणि तो धाकटीने सांगायची गरज पडली नाही.

"आता माझं उत्तर सांग त्यांना," मधली म्हणाली. "कड्या तिकडून येऊ देत, खोकी येऊ देत, किल्ल्याही येऊ देत. लिव्हर मात्र इथेच कापले जातील. हे जमत नसेल तर माझा नकार. आणि खुंटीशिवाय पत्रा धरणारा तो प्रेस मला एकदा बघायचाय."

दादाची किल्ली तेवढ्यात फिरली. "सगळं दाखवून बसलीस, मधले," तो कळवळून म्हणाला. "आता त्यांनी आपलं का ऐकावं?"

"माहीत नाही, दादा," मधली म्हणाली, आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

उत्तर धाकटीकडून आलं, तेही कुलूप उघडून रीतसर. लिव्हर इथे कापला, तर तिसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांना सांगायला काहीतरी राहील. कुलपाचं कुलूपपण लिव्हरमध्येच असतं. नळवाल्यांकडे असं काही उरलं नव्हतं. दादा विक्रीतला माणूस, परत येणाऱ्या मालाची भीती त्याला इतर कुणाहून जास्त. त्याने दुसरं कुलूप ट्रेमधून काढलं तेव्हा तो मधलीकडे निराळ्या नजरेने बघायला लागला होता.

पाहुण्या बाईंनी मात्र होही म्हटलं नाही आणि नाहीही. त्यांनी जुना प्रेस अजून आहे का, एवढंच विचारलं. मधली त्यांना खोलीत घेऊन गेली, मागून बाकीचे. प्रेस कोपऱ्यात होता, रंग कितीदा तरी दिलेला. बाईंनी पायाने दाबायची दांडी चाचपली, पत्र्याचा एक तुकडा सरकवला आणि लागोपाठ दोनदा पाय मारला. मधली बघतच राहिली. त्या प्रेसचा पहिला फटका नेहमी फुकट जायचा. दोनदा मारावा लागतो हे घरातसुद्धा तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिने धाकटीला विचारायला लावलं, हे तुम्हाला कसं ठाऊक? बाई म्हणाल्या, शाळा सुटली की मी आईच्या शेजारी बसायचे. पहिल्यांदा ठक् होत नसे, मग दुसऱ्यांदा ठक्. तो आवाज इतक्या वर्षांनी आज ऐकला.

सगळे टेबलावर परत आले. बाईंनी ट्रेमधलं शेवटचं कुलूप जोडायला घेतलं. या वेळी त्या घाई करत नव्हत्या. लिव्हर रचून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, मधलीने बुधली दिली. थेंब सोडला, झाकण बसलं, किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली. मग त्या बराच वेळ बोलल्या. धाकटी ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

"त्या मालक नाहीत," ती सांगायला लागली. "त्यांनी फक्त मत द्यायचं. इथे यायचं तर या खोलीसाठी यावं, लिव्हर इथेच कापावेत, असं मत त्या देणार. वरचे लोक ऐकतीलच असं नाही. नुसती जोडणी करायला शेजारच्या गावात दुसरे तयार बसलेत, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे." ती थांबली. पुढचं नीट सांगता यावं म्हणून तिने बाईंना एकदा उलट विचारून घेतलं. बाईंनी तेच पुन्हा सांगितलं. "आणि वरचे नाही म्हणाले तर बाई म्हणतायत, त्यांनी इथे तेल पाहिलेलंच नाही."

कुणाचंच कुलूप तयार नव्हतं, त्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही. धाकटा डागाळलेल्या विजारीवर हात ठेवून बसून होता. आईने टेबलावर चाचपत बुधली शोधली आणि ती पाहुण्या बाईंच्या ट्रेपाशी सरकवून ठेवली.